विकिरण प्रक्रिया केलेल्या मालाचं लेबल: परवान्यापासून पेटीपर्यंत

विकिरण प्रक्रियेसाठी, म्हणजे कीड, जंतू किंवा कोंब रोखण्यासाठी, गामा किरणांखालून काढून आणलेलं धन्याचं पोतं आणि न काढलेलं पोतं शेजारी ठेवलं, तर जुन्या जाणत्या व्यापाऱ्यालाही फरक सांगता येणार नाही. रंग तोच आणि वजनही तेच. प्रक्रिया झाली आहे, योग्य मात्रेत झाली आहे आणि एकदाच झाली आहे, याचा पुरावा फक्त कागदावर आणि लेबलावर असतो. म्हणूनच हे लेबल म्हणजे छपाईचं काम नाही. त्यावरची प्रत्येक ओळ प्रक्रियेच्या एखाद्या टप्प्यातून येते, आणि तो टप्पा चुकला की नंतर कितीही सुबक लेबल छापलं तरी माल अडकतो.

हा मजकूर मसाले, कडधान्यं, कांदा, आंबा अशा मालावर प्रक्रिया करून घेणारे छोटे उद्योग, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि निर्यातदार यांच्यासाठी आहे. काम ज्या क्रमाने करायचं, त्याच क्रमाने तो लिहिला आहे.

आधी माल कोणत्या वर्गात बसतो ते पाहा

भारतात १९९४ साली कांदा, बटाटा आणि मसाल्यांना परवानगी मिळाली. पुढे पदार्थांची नावं एकेक करून यादीत येत गेली. २०१६ साली भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ती पद्धत बदलून पदार्थांचे आठ वर्ग केले. आता तुमचा पदार्थ नावाने यादीत शोधायचा नाही, तो कोणत्या वर्गात मोडतो ते पाहायचं. मात्रा किलोग्रेमध्ये मोजतात. एक किलोग्रे म्हणजे दर किलो मालात शोषली गेलेली एक हजार ज्यूल ऊर्जा.

नेहमी लागणाऱ्या मर्यादा अशा:

- कांदा, बटाटा, लसूण, आलं (कंद आणि मुळं): कोंब रोखण्यासाठी ०.०२ ते ०.२
- ताजी फळं आणि भाज्या: पिकणं लांबवण्यासाठी किंवा किडीसाठी ०.२ ते १.०, टिकाऊपणासाठी १.० ते २.५, परदेशी कीडबंदीच्या अटींसाठी ०.१ ते १.०
- धान्यं, डाळी, त्यांची पिठं, तेलबिया, सुकामेवा: किडीसाठी ०.२५ ते १.०, जंतूंचं प्रमाण कमी करण्यासाठी १.५ ते ५.०
- मसाले, सुक्या भाज्या, सुक्या वनस्पती, चहा, कॉफी: किडीसाठी ०.३ ते १.०, जंतूंसाठी ६.० ते १४.०
- मासे आणि मांस (दोन वेगळे वर्ग, मर्यादा सारख्या): रोगजंतूंसाठी १.० ते ७.०, टिकाऊपणासाठी १.० ते ३.०, परजीवींसाठी ०.३ ते २.०

उरलेले दोन वर्ग सुकवलेल्या प्राणिज पदार्थांचे आणि तयार खाण्याच्या पदार्थांचे.

इथे पदार्थ आणि उद्देश यांची जोडी महत्त्वाची आहे. त्याच मिरपुडीला किडीसाठी ०.३ पुरते, जंतूंसाठी किमान ६ लागतात. किडीसाठी प्रक्रिया केलेल्या मिरपुडीच्या लेबलावर 'जंतू कमी करण्यासाठी' असं छापलं तर ते खोटं विधान ठरतं, मग माल कितीही चांगला असो. त्यामुळे उद्देश एका वाक्यात लिहून काढा आणि तेच वाक्य प्रकल्पाच्या मागणीपत्रावर, प्रमाणपत्रावर आणि लेबलावर न बदलता वापरा.

या प्रक्रियेने काय होत नाही, हेही आधीच समजून घ्या. मिरचीवर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन तयार झालं असेल, तर किरणांनी बुरशी मरेल, विष तसंच राहील. कीटकनाशकांचे अवशेष निघत नाहीत. कांद्याची सड थांबत नाही. घाण किंवा खराब माल सुधारण्यासाठी ही प्रक्रिया वापरायला कायद्याची मुभा नाही, आणि तसा उपयोगही होत नाही. माल उतरवण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल हातात असावा.

प्रकल्प निवडताना दोन परवाने तपासा

विकिरण प्रकल्पावर दोन कायद्यांची देखरेख असते. किरणांचा स्रोत, इमारतीची सुरक्षा आणि प्रक्रियेचं नियंत्रण अणुऊर्जा कायद्याखालच्या २०१२ च्या नियमांत येतं, आणि त्याचा परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाकडून मिळतो. अन्न म्हणून मालाची जबाबदारी अन्न सुरक्षा कायदा, २००६ खाली येते. प्रकल्पाकडून दोन्ही परवान्यांच्या प्रती मागा आणि मुदत तपासा. वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणासाठी चालणारा प्रत्येक प्रकल्प अन्नासाठी मंजूर असतोच असं नाही.

सगळे प्रकल्प सगळ्या मात्रांसाठी बांधलेले नसतात. लासलगावचं कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, म्हणजे 'कृषक', २००२ साली कमी मात्रेच्या कामासाठी उभं राहिलं. कांदा आणि आंबा हे त्याचं क्षेत्र. वाशीत विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचा प्रकल्प २००० सालापासून मसाल्यांसारख्या जास्त मात्रेच्या मालासाठी आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची विकिरण सुविधाही वाशीतच आहे आणि आंबा निर्यातदारांचा संबंध प्रामुख्याने तिच्याशी येतो. 'वाशीचा प्रकल्प' एवढंच कागदावर लिहिलं की गोंधळ होतो. पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक लिहा.

पेटी, पोतं आणि थर

इथे बहुतेकांचं लक्ष कमी पडतं. पेटीतल्या सगळ्या मालाला सारखी मात्रा मिळत नाही. स्रोताकडच्या बाजूला जास्त मिळते, मधल्या गाभ्याला कमी. कायद्याची किमान मर्यादा सर्वांत कमी मात्रा मिळालेल्या जागेला लागू होते आणि कमाल मर्यादा सर्वांत जास्त मिळालेल्या जागेला. सरासरी दाखवून भागत नाही.

अमेरिकेसाठीचा आंबा घ्या. किमान ०.४ किलोग्रे हवे आणि १.० ओलांडायचं नाही. तुमच्या पेटीत जास्तीत जास्त आणि कमीत कमी मात्रेचं गुणोत्तर २ असेल, तर किमान ०.४ साधताना कमाल ०.८ होते. ठीक आहे. तेच गुणोत्तर २.६ झालं तर कमाल १.०४ होते आणि अख्खी खेप नियमाबाहेर जाते. गुणोत्तर वाढतं ते पेटी जाड झाल्याने, माल दाटून भरल्याने किंवा एकाच खेपेत हलका आणि जड माल एकत्र रचल्याने. मसाल्याला ६ ते १४ ची पट्टी आहे, म्हणजे गुणोत्तर २.३ च्या आत राहायला हवं. हळद पूड आणि कसुरी मेथी यांची घनता इतकी वेगळी आहे की दोन्ही एका खेपेत कधीच टाकू नका.

म्हणून पेटीचं माप, भरलेलं वजन आणि रचना एकदा ठरवा, त्यावर प्रकल्पाकडून मात्रेचं मापन करून घ्या आणि मग ते बदलू नका. 'या वेळी २५ किलोंऐवजी ३० किलोंची पोती केली' हे प्रकल्पाला न सांगणं फार महागात पडतं.

मसाला शक्यतो विक्रीच्या अंतिम पाकिटातच बंद करून पाठवा. पोत्यात प्रक्रिया करून नंतर पाकिटं भरली की हातांतून, यंत्रातून आणि हवेतून जंतू परत येतात. पाकिटासाठी पॉलिएथिलीनचे थर सहसा चांगले टिकतात. पॉलिप्रोपिलीन जास्त मात्रेत ठिसूळ होऊ लागतं. पीव्हीसी पिवळं पडतं आणि वास धरतं, ते टाळा. प्रक्रियेने मालात कोणताही अवशेष राहत नाही. ही तिची चांगली बाजू, आणि त्यामुळेच पुढे संरक्षणही मिळत नाही. डाळीच्या पोत्याला भोक असेल तर पंधरा दिवसांत नवी कीड शिरते.

शेंगदाणा, काजू यांसारख्या तेलकट मालाला जास्त मात्रा मानवत नाही, खवट वास येतो. किडीपुरती, एक किलोग्रेच्या आतली मात्रा घ्या.

कांद्याबद्दल वेळ हाच सगळा खेळ आहे. काढणीनंतर नीट वाळवलेला, सुप्तावस्थेत असलेला कांदा साधारण दोन-तीन आठवड्यांत प्रक्रियेला गेला तर ०.०६ ते ०.०९ किलोग्रेही पुरते. आत कोंब हलू लागल्यावर तीच मात्रा दिली तर काम होत नाही, शिवाय गाभ्यात तपकिरी डाग दिसतो आणि ग्राहक तक्रार घेऊन येतो. बियाण्यासाठी ठेवलेला कांदा या लॉटमध्ये चुकूनही मिसळू देऊ नका, तो पुन्हा उगवणार नाही.

प्रकल्पावरून परत येताना काय आणायचं

माल गाडीत चढवण्याआधी प्रमाणपत्र तिथेच वाचा. त्यावर पदार्थाचं नाव, नगांची संख्या आणि वजन, प्रक्रियेचा उद्देश, तारीख, प्रकल्पाचा परवाना क्रमांक, प्रकल्पाने दिलेला बॅच ओळख क्रमांक आणि मोजलेली किमान व कमाल मात्रा दिसायला हवी. मात्रेच्या रकान्यात फक्त 'समाधानकारक' असं लिहिलं असेल तर आकडे मागून घ्या.

पेट्यांवर लावलेली छोटी टिकली सहसा पिवळ्याची लाल होते. ती फक्त पेटी किरणांसमोरून गेली एवढंच सांगते. मात्रा मोजण्याचं काम डोसीमीटर करतात. टिकलीच्या भरवशावर कोणतंही विधान छापू नका. उन्हात ठेवलेली टिकलीही रंग बदलू शकते.

गामा किरणांचा स्रोत असलेल्या कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य (जोर निम्मा व्हायला लागणारा काळ) ५.२७ वर्षं असतं, म्हणजे स्रोत वर्षाला सुमारे १२ टक्क्यांनी क्षीण होतो. गेल्या वर्षी १० मिनिटांत झालेल्या कामाला या वर्षी साडेअकरा मिनिटांच्या जवळपास लागतात. 'मागच्या वेळेसारखंच करा' असं सांगू नका, मात्रा सांगा. वेळेचा हिशेब प्रकल्प करेल.

तुमच्या गोदामातही प्रक्रिया झालेला आणि न झालेला माल वेगळा ठेवा, मध्ये भिंत किंवा जाळी असावी. मिसळला तर वेगळा करण्याचा मार्ग नाही. 'संशय आहे तर सगळाच परत पाठवू' हा उपायही बंद आहे, कारण एकदा प्रक्रिया केलेल्या मालावर पुन्हा प्रक्रिया करायला सर्वसाधारण बंदी आहे. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात धान्य, डाळी, सुका माल यांना पुन्हा कीड लागल्यास सवलत आहे, पण ती गृहीत न धरता आधी लेखी खात्री करून घ्या.

लेबलावर नेमकं काय

२०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पदार्थाच्या नावाजवळच प्रक्रियेचा उल्लेख हवा. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, पोषणतक्त्याच्या खाली नाही. त्यासोबत रॅडुरा चिन्ह (विकिरण प्रक्रिया झाल्याची खूण) आणि पुढचा तपशील:

विकिरण प्रक्रिया केलेलं अन्न
पदार्थ: काळी मिरी पूड
प्रक्रियेचा उद्देश: सूक्ष्मजंतू कमी करण्यासाठी
परवाना क्रमांक: (विकिरण प्रकल्पाचा)
बॅच ओळख क्रमांक: (प्रकल्पाने दिलेला)
प्रक्रियेची तारीख: (प्रमाणपत्रावरची)

हा नमुना मराठीत आहे, पण कायद्याने मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी जोडून देता येते आणि स्थानिक बाजारासाठी जरूर द्या, मात्र फक्त मराठीवर भागत नाही.

सगळ्यात जास्त चुका शेवटच्या तीन ओळींत होतात. परवाना क्रमांकाच्या जागी लोक स्वतःचा चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक टाकतात. तो लेबलावर हवाच, पण त्याच्या जागी. इथे प्रकल्पाचा क्रमांक लागतो. बॅचचंही तसंच: तुमचा उत्पादन बॅच क्रमांक वेगळा आणि प्रकल्पाचा बॅच ओळख क्रमांक वेगळा, दोन्ही छापायचे. तारीख पॅकिंगची नव्हे, प्रक्रियेची. अंतिम पाकिटात प्रक्रिया करताना हे आकडे पाकीट छापण्याच्या वेळी माहीत नसतात, म्हणून तेवढी जागा कोरी सोडा आणि परत आल्यावर शाईच्या छपाईयंत्राने किंवा न निघणाऱ्या चिकटपट्टीने भरा. आगाऊ तारीख छापून ठेवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. प्रकल्पावर यंत्र एक दिवस बंद राहिलं की हजारो पाकिटं चुकीची ठरतात.

रॅडुरा चिन्ह नेदरलँड्समध्ये जन्मलं आणि आता जगभर चालतं: वर्तुळ, त्याचा वरचा अर्धा भाग तुटक, आत दोन पानं आणि त्यांवर भरीव ठिपका, सहसा हिरव्या रंगात. दोन गोष्टी जपा. किरणोत्साराच्या धोक्याचं तीन पाकळ्यांचं पिवळं-काळं चिन्ह याच्या जागी कधीही वापरू नका. तो इशारा आहे आणि इथे गैरलागू आहे, कारण कोबाल्टच्या गामा किरणांनी अन्न किरणोत्सारी होत नाही. आणि शाकाहारी मालाच्या हिरव्या ठिपक्याला हे चिन्ह चिकटवू नका. दोन्ही हिरवी असल्याने ग्राहक एकच समजतो. मध्ये मोकळी जागा ठेवा.

विकिरण प्रक्रिया केलेला माल आवेष्टितच विकायचा असतो. पोतं फोडून सुटा विकला की लेबल मागे राहतं आणि नियमभंग होतो. किरकोळ दुकानदारांना हे बिलावरच लिहून द्या.

घटक म्हणून वापरलात तर? गोडा मसाल्यात फक्त धने प्रक्रिया केलेले असतील, तर घटकांच्या यादीत 'धने (विकिरण प्रक्रिया केलेले)' असं लिहा. सगळा मसाला प्रक्रियेचा आहे असं भासवू नका आणि लपवूही नका. अख्खी मिरची प्रक्रिया करून आणली आणि मग दळली, तर एकाच घटकाची ती पूड आहे, त्यामुळे लेबलावर उल्लेख करायलाच हवा. दळल्यानंतरच्या जंतूंची जबाबदारी मात्र पूर्णपणे तुमची.

चुकीच्या किंवा अपुऱ्या लेबलाचं अन्न कायद्यात 'मिथ्याछाप' ठरतं आणि अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ नुसार तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माल चांगला होता, हे तिथे उत्तर ठरत नाही.

परदेशी पाठवताना

इथलं लेबल तिथे चालेल असं धरून चालू नका. देशागणिक परवानगीच वेगळी आहे.

अमेरिकेने २००७ साली भारतीय आंब्यासाठी दार उघडलं ते याच प्रक्रियेच्या अटीवर. फळमाशी आणि कोय पोखरणारा भुंगा यांच्यासाठी किमान ०.४ किलोग्रे. या मात्रेने कीड लगेच मरतेच असं नाही, ती पुढे वाढू किंवा प्रजनन करू शकत नाही. म्हणजे तपासणीत जिवंत अळी सापडली तरी प्रक्रिया फसली असा अर्थ होत नाही, आणि खात्री देणारी गोष्ट उरते ती फक्त प्रक्रियेचे कागद. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर प्रक्रियेची नोंद, पेट्या कीड शिरणार नाही अशा, आणि प्रक्रियेनंतर मालाला पुन्हा कीड लागणार नाही अशी साठवण, या तिन्हींवर तडजोड नाही. किरकोळ विक्रीत तिथे 'ट्रीटेड विथ रेडिएशन' किंवा 'ट्रीटेड बाय इरॅडिएशन' हे शब्द आणि रॅडुरा चिन्ह लागतं. सुट्या फळांसाठी मोठ्या पेटीवर किंवा विक्रीच्या जागी फलक लावूनही चालतं. पुढे आणखी दुसरी प्रक्रिया व्हायच्या घाऊक मालाच्या कागदांवर 'पुन्हा विकिरण करू नये' अशी सूचनाही द्यावी लागते. मिश्र पदार्थात घातलेल्या प्रक्रिया केलेल्या मसाल्याचा उल्लेख मात्र अमेरिकेत सक्तीचा नाही.

युरोपीय संघात नेमकं उलटं. सामायिक यादीत फक्त सुक्या सुगंधी वनस्पती, मसाले आणि वनस्पतिज स्वाददायी पदार्थ आहेत, मात्रेची मर्यादा सरासरी १० किलोग्रे आहे. आपल्याकडची १४ ची वरची मर्यादा तिथे उपयोगाची नाही. प्रकल्प संघाने मान्य केलेल्या यादीत असला पाहिजे. आणि तयार पदार्थात चिमूटभर प्रक्रिया केलेली मिरी असली तरी घटकांत ते लिहावंच लागतं. 'कोण ओळखणार' या विचाराने गप्प बसलेल्यांचा माल तिथे पकडला जातो. मसाल्याला चिकटलेल्या मातीतले सिलिकेटचे कण किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात, आणि प्रयोगशाळेत प्रकाश किंवा उष्णता दिली की ती चमकून बाहेर पडते. या चाचण्या तिथे मानक म्हणून ठरलेल्या आहेत आणि नेहमी वापरल्या जातात. मसाल्यातले जंतू मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूला संघात बंदी असल्याने मसाल्यासाठी विकिरण किंवा वाफ हेच मार्ग उरतात. लेबलाची तयारी नसेल तर वाफ निवडा.

ब्रिटनमध्ये सात गटांना परवानगी आहे, फळं, भाज्या, धान्यं, कंद, मसाले, मासे आणि कोंबडी. जपानने बटाट्यापलीकडे परवानगी दिलेली नाही, तिथे आंबा उष्ण बाष्पाची प्रक्रिया करून जातो. ग्राहकाच्या देशातला आयातदार कोणता नियम सांगतो ते लेखी घ्या आणि मग खेप ठरवा.

प्रत्येक खेपेची एक फाइल ठेवा: मागणीपत्र, मात्रेचं प्रमाणपत्र, आधीचा आणि नंतरचा जंतू अहवाल, छापलेल्या लेबलाचा एक नमुना आणि माल कोणाला गेला त्याची यादी. अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी नमुना घ्यायला आला, तर लेबलावरचा बॅच ओळख क्रमांक पाहून हीच फाइल दोन मिनिटांत काढता यायला हवी. पाकिटावर छापलेली खाण्यायोग्यतेची मुदत जितकी, निदान तितके दिवस ती जपून ठेवा, आणि त्या मुदतीसाठी केलेल्या चाचण्यांचे कागदही त्यातच लावा. प्रक्रिया केली म्हणून मुदत आपोआप वाढत नाही.